गाऱ्हाणे घालावे कुणापाशी?

आमच्या मिठबावात गाऱ्हाणे घालायचे म्हणजे ते देवापाशी. रामेश्वराच्या देवळात मानकरी उभा राहतो, हात जोडतो, गावाच्या वतीने देवाला एकेक गोष्ट ऐकवतो आणि प्रत्येक वाक्याशेवटी जमलेली मंडळी एका आवाजात 'व्हय म्हाराजा!' म्हणतात. लहानपणी मला हा प्रार्थनेचा प्रकार वाटे. पुढे कॉलेजात मराठी शिकवू लागल्यावर एकदा शब्द तपासताना लक्षात आले, की गाऱ्हाणे म्हणजे सरळसरळ तक्रार. आमच्याकडे देवापाशी काही मागायचे, तेसुद्धा तक्रारीच्या नावाने! या तक्रारीला मुदत नाही, नमुना नाही, तिकीट नाही. पोच मात्र मिळत नाही, हे खरे.

हे आठवायचे कारण माझा भाचा. तो पंधरा-सोळा वर्षे कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतो. आता तिथला नागरिकही झाला आहे. मे महिन्यात आम्ही सारी मंडळी मिठबावच्या घरी जमलेली, पडवीत आंब्यांची आढी लावण्याचे काम चाललेले, आणि फोनवर हा गृहस्थ सांगतो आहे, की तो वर्षभर 'ग्रँड ज्यूरी'वर होता.

"म्हणजे कुणाला फाशी-बिशी दिलीस की काय?" त्याची आई, माझी थोरली बहीण, घाबरून म्हणाली. ज्यूरी म्हटले की आपल्याला आठवतो तो १९५९ चा नानावटी खटला; त्यापलीकडे आपले ज्यूरीचे ज्ञान जात नाही.

भाच्याने समजावून सांगितले ते असे. कॅलिफोर्नियात अठ्ठावन्न काउंट्या, म्हणजे आपले जिल्हेच म्हणा ना. प्रत्येक काउंटीत दरसाल साध्या नागरिकांची एक ज्यूरी बसवली जाते. बहुतेक ठिकाणी तिच्यात एकोणीस माणसे असतात. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी दुकानदार, कुणी माझ्या भाच्यासारखा इंजिनिअर. अर्ज करायचा, न्यायाधीश मुलाखत घेतात आणि शेवटी चिठ्ठ्या टाकून नावे निघतात. ही एकोणीस माणसे वर्षभर आपल्या काउंटीचा, तिथल्या नगरपालिकांचा, शाळा मंडळांचा कारभार तपासतात. कोणीही नागरिक त्यांच्याकडे लेखी तक्रार करू शकतो. तक्रारदाराचे नाव बाहेर फुटत नाही. ज्यूरीला वाटले तर ती चौकशी करते, कागद मागवते, अधिकाऱ्यांना बोलावते आणि वर्षाअखेर अहवाल छापून मोकळी होते. ज्या संस्थेवर अहवालात ठपका असेल, तिच्या मंडळाला नव्वद दिवसांत आणि निवडून आलेल्या अधिकाऱ्याला साठ दिवसांत लेखी उत्तर द्यावे लागते.

"आणि उत्तर पटले नाही तर?" माझ्या काकांनी विचारले.

"तर काही नाही. ज्यूरी हुकूम देऊ शकत नाही. फक्त शिफारस."

"हात्तिच्या!" काका म्हणाले आणि पुन्हा आढीकडे वळले. पण त्यांचे कान फोनकडेच होते. भाच्याने कसली चौकशी केली, हे मात्र त्याने आईलासुद्धा सांगितले नाही. गुप्ततेची शपथ असते आणि ती वर्ष संपले तरी सुटत नाही. बहिणीला या गोष्टीचा जो राग आला तो अजून गेलेला नाही.

हा प्रकार आपल्याला अगदीच अनोळखी आहे असे मात्र नाही. मुंबईत कंपनी सरकारच्या अमदानीत ग्रँड ज्यूरी होती. खटला चालवण्याजोगा आहे की नाही हे ठरवणे, हे तिचे मुख्य काम. पहिल्यांदा तीत फक्त ख्रिस्ती लोकांनाच बसता येई. मुंबईच्या हिंदू, पारशी, मुसलमान रहिवाशांनी याविरुद्ध थेट विलायतेला अर्ज धाडला आणि १८३२ च्या कायद्याने तो अडसर निघाला. पुढे १८६५ मध्ये ही ग्रँड ज्यूरीच मोडीत काढण्यात आली. त्याआधीची आपली घरची पद्धत म्हणजे गोतसभा. वाद पडला की गावचे गोत बसे, साक्षी-पुरावे पाही आणि निवाड्याचा महजर लिही. त्यावर पाटील-कुलकर्ण्यांपासून बलुतेदारांपर्यंत सर्वांच्या निशाण्या. म्हणजे कारभारावर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी बसून नजर टाकावी, ही कल्पना काही कॅलिफोर्नियाहून यायला नको होती.

मग आज आपल्याकडे काय आहे? हा प्रश्न मला चार भिंतींत बसून सुचलेला नाही. आमच्या आत्याचा हात मोडला, म्हणून या वाटेला मला जावे लागले.

आत्या मिठबावपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात राहते. गावाचे नाव मुद्दामच सांगत नाही. घर वाडीच्या टोकाला. वाडी आणि रस्ता यांच्यामध्ये एक व्हाळ आणि व्हाळावर साकव. शहरातल्या वाचकांसाठी सांगते, व्हाळ म्हणजे ओढा आणि साकव म्हणजे त्यावरचा पायापुरता पूल. पूर्वी पोफळीची खोडे टाकून गावकरीच तो दर साल उभारीत. पुढे सिमेंटचा झाला. कठडा होता तो कधीच कुजून गेला होता. २०१८ च्या जुलैच्या ९ तारखेला सकाळी आत्या दूध घेऊन येताना त्या साकवावरून घसरली. कडेला धरायला काही नव्हते. व्हाळाला पाणी होते, पण तिचे दैव बलवत्तर, म्हणून काठाच्या दगडावर पडली आणि मनगटावर निभावले. त्या वेळी आत्या बाहत्तर वर्षांची होती.

ऑगस्टात हात गळ्यात बांधलेल्या अवस्थेत ती घरपट्टी भरायला पंचायतीत गेली. पावती फाडली जात होती तोवर ती भिंतीवरचा फलक वाचत बसली. वर्षात पूर्ण झालेल्या कामांची यादी. तिसऱ्या ओळीत तिला आपला साकव भेटला. 'साकव दुरुस्ती व दोन्ही बाजूंस कठडा बसविणे.' पुढे रक्कम आणि त्यापुढे 'पूर्ण'.

त्याच संध्याकाळी ती मिठबावला काकांकडे आली. "हात मोडलो तो साकवार," ती म्हणाली, "आणि साकव दुरुस्त झालो तो भिंतीर!"

काका हे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ आणि आत्या त्यांची थोरली बहीण. काका छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत होते. निवृत्तीनंतर पंचक्रोशीचे अर्ज लिहून देणे हा त्यांचा छंद झाला. त्यांच्याकडे एक खाकी पिशवी असते. तिच्यात कोरे ताव, कार्बन, कोर्ट फी स्टॅम्प आणि गोंदाची बाटली. मी गणपतीच्या सुटीसाठी गेले तेव्हा हे प्रकरण पिशवीत आले होते. मी म्हटले, अर्ज मी लिहिते. इतकी वर्षे मुलांना मराठी शिकवते, एक तक्रार लिहिता येऊ नये काय!

मी अडीच पाने लिहिली. त्यात 'भ्रष्टाचाराची बजबजपुरी' होती, 'वृद्ध विधवेचा आक्रोश' होता, लोकशाहीच्या वस्त्राची लक्तरे होती. काकांनी चष्मा पुसला, सावकाश वाचले आणि लाल पेन्सिलीने एकेक शब्द काढायला सुरुवात केली. "तुझ्या अर्जात विशेषणां फार झाली गो," ते म्हणाले. "सायबाक विशेषणां वाचूची पाळी आणू नको." शेवटी अडीच पानांतल्या साडेतीन ओळी उरल्या. त्यासुद्धा तक्रारीच्या नव्हत्या, नुसत्या मागणीच्या होत्या.

कारण काकांचा नियमच आहे, की आधी कागद मागायचा, मग तक्रार करायची. आपण म्हणतो 'पैसे खाल्ले'. साहेब म्हणतो 'पुरावा?' आणि पुरावा असतो त्याच्याच कपाटात. पूर्वी हे कपाट उघडायची सोय नव्हती. महाराष्ट्राने २००२ मध्ये माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा केला. त्यासाठी अण्णा हजाऱ्यांनी केलेली आंदोलने वाचकांना आठवत असतील. पुढे केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. अर्ज साधा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. (दीडशे शब्दांची ही मर्यादा मी आता माझ्या विद्यार्थ्यांच्या निबंधांनाही लावणार आहे.) पंचायतीपुरता माहिती अधिकारी म्हणजे त्या वेळी ग्रामसेवक. उत्तराला मुदत तीस दिवसांची.

काय मागायचे, यात खरी कला आहे. 'साकवाबद्दलची सर्व माहिती द्यावी' असे लिहिले, तर एक तर काहीच मिळत नाही किंवा पोतेभर रद्दी मिळते. काकांनी कामाचे नाव जसेच्या तसे फलकावरून उतरवले आणि अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकातील नोंद, ठेकेदाराचे देयक व पूर्णत्वाचा दाखला एवढ्यांच्याच प्रती मागितल्या. यांतले मोजमाप पुस्तक, ज्याला कचेरीत सगळे 'एम. बी.' म्हणतात, ते सर्वांत महत्त्वाचे. काम किती झाले ते जागेवर जाऊन मोजायचे आणि त्यात तारखेनिशी नोंदवायचे, त्याशिवाय बिल निघत नाही. सरकारी बांधकामातले खरे-खोटे जे काही असेल, ते या पुस्तकात उमटल्यावाचून राहत नाही.

अर्जावर सही करायची वेळ आली तेव्हा आत्या थांबली. ग्रामसेवक चांगला मुलगा. तिला 'आजी' म्हणायचा. तिच्या बँकेच्या कागदांवर तोच खुणा करून देई. आणि सरपंच? सरपंच म्हणजे तिच्याच चुलत दिराची सून. महाराष्ट्रात पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांना राखीव झाल्यापासून तीही निवडून आलेली. हिला 'काकी' म्हणते, सणासुदीला पाया पडते. त्याच घरातला मुलगा देवगडहून आत्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन येतो.

"आक्का, सही करूची नसली तर नको करू," काका म्हणाले. त्यांनी आग्रह केला नाही. आत्या बराच वेळ प्लास्टरकडे पाहत बसली. सही उजव्या हाताची, आणि मोडला होता तोही उजवाच. शेवटी तिने डाव्या हाताने कशीबशी सही केली.

तीस दिवस गेले. उत्तर नाही. मध्ये गणपती आले, मग 'गणपतीनंतर बघू' झाले. काकांनी वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिले अपील पंचायत समितीच्या विस्तार अधिकाऱ्यांकडे केले. असे अपील मुदत संपल्यापासून तीस दिवसांत करायचे असते. तेथेही दाद लागली नाही, तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे जाता येते; कोकणासाठी आयोगाचे खंडपीठ आहे. आमच्यावर ती पाळी आली नाही. नोव्हेंबरात कागद आले.

मी त्या वेळी पुण्यात होते. रात्री काकांचा फोन आला. आवाजात शाळेतल्या मुलासारखा आनंद. मोजमाप पुस्तकात दोन्ही बाजूंचा लोखंडी कठडा मीटरवार मोजलेला होता आणि मोजणीची तारीख होती १२ जुलै २०१८. आत्या पडली ९ तारखेला. कठडा नसल्यामुळे माणूस पडल्यानंतर तिसऱ्या दिवशी, भर पावसात, साहेबांनी तोच कठडा फीत लावून मोजला होता!

येथे एखादा वाचक म्हणेल, आता काय, ठोका दावा. पण काकांनी तसे केले नाही. ते म्हणाले, आधी गावाला विचारू. कायद्याने पंचायतीच्या वर ग्रामसभा आहे. गावचा प्रत्येक मतदार तिचा सभासद. वर्षातून निदान चार वेळा ती भरलीच पाहिजे आणि बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या ठरलेल्या दिवशी भरते. गणपूर्तीला मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात. माणसे जमली नाहीत की सभा तहकूब. आणि तहकूब झालेल्या सभेला गणपूर्ती लागत नाही. या सवलतीमुळे कित्येक गावांत खरी ग्रामसभा म्हणजे तहकूब ग्रामसभाच असते. पाच-पंचवीस माणसे, चहा, सह्या आणि निकाल.

आत्याच्या गावीही २६ जानेवारी २०१९ ची सभा झेंडावंदनानंतर तहकूब झाली आणि फेब्रुवारीत पुन्हा बोलावली गेली. मी मुद्दाम रजा काढून गेले. पंचायतीचा सभागृहवजा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या. पुढे पुरुष, मागे दाराशी बायका. विषयपत्रिका भराभर संपली. 'ऐनवेळचे विषय' आले आणि आत्या उठली. तिला मी जन्मात कधी चारचौघांत बोलताना पाहिले नव्हते. हातातला कागद थरथरत होता. तिने तो वाचलाच नाही. घडी करून कमरेला खोचला आणि म्हणाली,

"साकव कागदार आसा, व्हाळार नाय."

हॉल गप्प झाला. आणि मागून, दाराशी उभ्या असलेल्यांपैकी कोणीतरी खालच्या आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

जो हशा पिकला तो काही केल्या थांबेना. सरपंचबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा पडला होता. त्या हळूच म्हणाल्या, "काकी, तुमी घराकडे येऊन सांगूक व्हया होता."

"घराकडे सांगला असता, तर घरातच रवला असता," आत्या म्हणाली.

ग्रामसेवकाने विचारले, "आजी, हे इतिवृत्तात लिहू?" "लिही, झिला. आणि लिवलंस ता वाचून दाखव." त्याने लिहिले आणि वाचूनही दाखवले. सभेत बोललेले वाऱ्यावर जाते. इतिवृत्तात उतरलेले टिकते, हे काकांनी तिला आदल्या रात्री दहा वेळा सांगितले होते. तिने ते पक्के धरले होते.

पुढची वाट मात्र कंटाळवाणी होती, म्हणून थोडक्यात सांगते. ग्रामसभेच्या ठरावाची प्रत जोडून गटविकास अधिकाऱ्यांकडे देवगडला तक्रार केली. प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना, ओरोसला. आवक खिडकीवर दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. हा पोचेचा शिक्का काकांच्या लेखी देवाच्या अंगाऱ्यासारखा आहे. मार्चच्या १० तारखेला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि सगळे ठप्प झाले. जूनमध्ये काकांनी तालुक्याच्या लोकशाही दिनाचे अस्त्र काढले. महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी तालुक्याला आणि पहिल्या सोमवारी जिल्ह्याला अधिकारी समोर बसून गाऱ्हाणी ऐकतात; अर्ज मात्र पंधरा दिवस आधी, दोन प्रतींत द्यावा लागतो. त्यात एक मेख आहे. तक्रार वैयक्तिक स्वरूपाची हवी. गावचा साकव हा काही आत्याचा वैयक्तिक नव्हे. काकांनी यातून वाट काढली. अर्जात त्यांनी साकवाचे नावच घेतले नाही. लिहिले एवढेच, की 'मी अमुक तारखेस केलेल्या तक्रारीचे मला उत्तर मिळालेले नाही.' उत्तर न मिळणे ही तक्रार पुरेपूर वैयक्तिक होती! अर्ज दाखल झाला.

इतके करूनही अधिकारी हलले नसते तर? त्याचीही तयारी पिशवीत होती. लोकआयुक्त. स्वीडनने १८०९ मध्ये 'ओम्बुड्समन' नावाचे पद निर्माण केले, त्याचाच हा आपला अवतार. आपल्या राज्याने त्यासाठी १९७१ मध्ये कायदा केला आणि २५ ऑक्टोबर १९७२ रोजी तो अंमलात आणला. लोकआयुक्त प्रत्यक्ष नेमणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. त्या कायद्याने तक्रारीचे दोन प्रकार केले. कारभारातल्या चुकीमुळे झालेला अन्याय हे गाऱ्हाणे आणि भ्रष्ट वागणूक हा आरोप. गाऱ्हाण्याला एक वर्षाची मुदत आणि आरोपाला तीन वर्षांची. पंचायतीच्या तक्रारीवर वरचे अधिकारी स्वस्थ बसले, तर त्या स्वस्थ बसण्याचे गाऱ्हाणे तेथे नेता येते. पण हेही खरे, की लोकआयुक्तही शिफारसच करतात. ती मानली नाही, तर ते राज्यपालांना विशेष अहवाल देतात आणि तो विधिमंडळापुढे ठेवला जातो. कॅलिफोर्नियाच्या ज्यूरीला 'हात्तिच्या' म्हणणाऱ्या काकांना मी हे ऐकवले, तेव्हा ते म्हणाले, "शिफारस छापून येता ना? मग पुरे."

दाखला वेळेवर मिळत नाही, नोंद होत नाही, असली तक्रार असेल तर मात्र एवढी चढण नको. त्यासाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. ठरल्या मुदतीत सेवा दिली नाही, तर अपिलात अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि शहरातल्या वाचकांनी साकवाच्या जागी आपल्या गल्लीतले गटार घालून पाहावे. नगरपालिकेतही अंदाजपत्रक असते, मोजमाप पुस्तक असते आणि दहा रुपयांच्या स्टॅम्पाने ते तेथेही उघडते.

ऑगस्ट २०१९ मध्ये विस्तार अधिकारी आणि एक शाखा अभियंता फीत घेऊन व्हाळावर आले. अख्खी वाडी बघायला जमली. मोजायला काही नव्हतेच. पंचनामा झाला. आत्याने पहिली सही केली, आता उजव्या हाताने. खाली आणखी पाच जणांच्या सह्या झाल्या. सहावा माणूस पुढे आला आणि मागे फिरला.

आणि मग सप्टेंबरात गणपती आले.

कोकणातल्या घराला गणपतीत माणसांची वर्दळ नसणे म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. वाडीतले भजन दर वर्षी घरोघर फिरते. त्या वर्षी ते आत्याच्या अंगणात आले, पण निम्मेच. चुलत दिराच्या घरून आरतीला कोणी फिरकले नाही. मोदकांचे ताट गेले ते झाकलेलेच परत आले. गोळ्या आणून देणारा मुलगा तर केव्हाच यायचा बंद झाला होता. काका आठवड्याला एस. टी.ने जाऊन देऊन येत. पाच दिवस आत्या काही बोलली नाही. विसर्जनाच्या रात्री तिने मला फोन केला. सगळी चौकशी केली, माझ्या मुलाच्या परीक्षेची, पुण्याच्या पावसाची. साकवाचा विषय तिनेही काढला नाही आणि मीही नाही. फोन ठेवल्यावर मला वाटले, अडीच पाने लिहिताना 'वृद्ध विधवेचा आक्रोश' असे शब्द मी किती सहज वापरले होते.

म्हणून या मे महिन्यात भाच्याने गुप्ततेची गोष्ट सांगितली, तेव्हा मी ताठ होऊन ऐकू लागले. आपल्या गावाला हेच हवे होते, असे मला वाटले. तक्रार करणाऱ्याचे नाव कळलेच नसते, तर ताट झाकलेले परत आले नसते. आत्याही तेव्हा मिठबावलाच आलेली, सुपात कोकमे निवडत बसलेली. तिला मी सारे समजावून सांगितले, की तिथे नाव फुटत नाही, एकोणीस परकी माणसे चौकशी करतात, तुला कोणी काही बोलले नसते.

तिने हातातले कोकम बाजूला ठेवले. "चोरून कित्याक? माझो हात मोडलो, ता सगळ्या वाडीक ठावक आसा."

भाच्याला मी हे सांगितले. तो म्हणाला, आजीचे बरोबर आहे, पण प्रत्येकाच्या अंगात आजी नसते. पंचनाम्यावर सही न करता मागे फिरलेल्या त्या सहाव्या माणसासाठी ज्यूरीची गुप्तता हवी. यावर अजून आमचे पटलेले नाही. मला दोघांचेही खरे वाटते. आणि एक सांगते, त्या सहाव्या माणसाला मी दोष देत नाही. त्याच्या मुलीचे लग्न त्याच वर्षी ठरत होते.

काकांच्या मनात यापुढेही एक पायरी होती. पंचायतीच्या कायद्याचे कलम ३९. गैरवर्तणूक सिद्ध झाली, तर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या चौकशीवरून विभागीय आयुक्त सरपंचाला पदावरून दूर करू शकतात. अर्जाचा कच्चा मसुदाही त्यांनी केला होता. आत्याने तो वाचायलाही घेतला नाही. "तिका खाली खेचूक नको," ती म्हणाली. "माका कठडो व्हयो." सरपंचबाईंनी त्या बिलावर सही केली होती खरी, पण ती सही करताना त्यांना कुणी काय वाचून दाखवले होते, ते आत्याला वाडीतल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक असावे.

ठेकेदाराकडून वसुलीचा आदेश निघाला. काम नव्याने सुरू झाले ते २०२० च्या मार्चमध्ये. एका बाजूचा कठडा उभा राहिला आणि टाळेबंदी लागली. कामगार निघून गेले. पुढचे सारे वर्ष वाडीतली माणसे एका हाताने कठडा धरून जा-ये करीत. जाताना उजव्या हाताने, येताना डाव्या. दुसरी बाजू झाली २०२१ च्या जानेवारीत, काकांच्या आणखी एका अर्जानंतर. त्याच साली गणपतीला चुलत दिराच्या घरची मंडळी आरतीला आली. सरपंचबाई उंबऱ्याशी थोड्या थबकल्या. आत्या त्यांना म्हणाली, "येतंस ना? दिवो विझाक लागलो." एवढेच.

परवा दिवाळीच्या तयारीला म्हणून मी मिठबावला जाऊन आले. गजबादेवीच्या बाजूने समुद्राचा वारा खारा येत होता आणि काका पडवीत बसून पिशवी आवरत होते. आत्याचा निरोप आला होता. खाऱ्या हवेने कठड्याच्या लोखंडाला गंज धरला आहे आणि गेल्या साली रंग दिल्याचे भिंतीवर लिहिले आहे. येताना धा रुपयांचा तिकीट घेऊन ये.